शून्य गुणांचं स्थळ

रत्नप्रभा देवपुजारीला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. नावं ठेवायची तर मी ठेवीन. आयुष्यभर तिचा तोरा सहन केलाय मी, तो हक्क मी कमावलाय. तुम्ही कोण लागून गेलात? म्हणून टाउनशिपमध्ये कुणी ती तांदळाची गोष्ट काढून खिदळायला लागलं की मी सरळ सांगते, बंद करा, अर्धीच सांगता आणि तीही चुकीची. बसा, मी सांगते.

आमची टाउनशिप भोपाळच्या एका सरकारी कारखान्याची. एकसारखे क्वार्टर, एकसारखे पिवळे दरवाजे आणि कारखान्याच्या भोंग्यावर लागणारे आमचे कुकर. मी टाउनशिपच्या शाळेत ग्रंथपाल होते आणि रत्ना कारखान्याच्या हॉस्पिटलात. दोघी नागपूरकडच्या, एकाच वर्षी इकडे आलो. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे आणि ती स्वतःच्या नोकरीमुळे. हा फरक ती मला अजून ऐकवते.

हॉस्पिटलात ग्रंथालय कशाला, असं तुम्हाला वाटेल. सगळ्यांनाच वाटायचं. पहिल्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, भिंतींना डॉक्टरी पुस्तकांची कपाटं, मधोमध लांबलचक सागवानी टेबल आणि टेबलाच्या एका टोकाला रत्ना. डॉक्टर फारसे फिरकत नसत. पेशंटचे नातेवाईक मात्र पंख्याखाली पेपर वाचायला यायचे, आणि बाई तिथे कुणाला चकार शब्द काढू देत नसे. शेजारच्या वॉर्डात कण्हणाऱ्या पेशंटला तिनं 'श्श' केलेलं मी या कानांनी ऐकलंय. एकदा तर तिनं कारखान्याच्या भोंग्याला 'श्श' केलं, आणि देवाशपथ सांगते, तो थांबला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला रोज संध्याकाळी मनोहर पिंपळापुरे बसायचे.

मनोहरराव कारखान्याच्या स्टोअर्समध्ये. दिवसभर नट, बोल्ट आणि वॉशर यांच्या सहवासात. संध्याकाळचा भोंगा झाला की हा माणूस सायकल काढायचा, हॉस्पिटलात यायचा, ग्रंथालयाच्या दारात चपला काढायचा आणि म्हणायचा, "सहज आलो." रोज हं! रत्ना मान वर न करता म्हणायची, "बसा." मग तो पेपर उघडायचा, ती तिचं काम उघडायची, आणि खोली बंद होईपर्यंत दोघं एक अक्षर न बोलता समोरासमोर. जाताना तो म्हणायचा, "निघतो." ती म्हणायची, "बरं." संपलं. याला कुणी प्रेम म्हणेल का? मी म्हणते. पण मला विचारतो कोण!

तरुणपणी या दोघांचं जमत आलं होतं. रीतसर दाखवणं झालं, पोहे झाले, मनोहररावांनी दुसऱ्यांदा पोहे मागितले, म्हणजे मुलगी पसंत. मग पत्रिका पाहिल्या आणि छत्तीसपैकी गुण जुळले पाच. अठराच्या खाली म्हणजे विषयच संपला. रत्नाच्या वडिलांनी नकार कळवला. मनोहररावांच्या आईनं तो त्याआधीच कळवला होता. पुढे मनोहररावांना स्थळं खूप आली, पण दर वेळी कुठेतरी माशी शिंकायची. ती माशी कुठल्या खोलीत बसते हे अख्ख्या टाउनशिपला ठाऊक होतं, पण बोलायचं नाही, असा आपला रिवाज.

आणि मराठी मंडळाच्या वधू-वर केंद्राचं काम कुणी अंगावर घ्यावं? रत्नानं! गुण जुळवण्यात तिचा हात कुणी धरत नसे. चार इमली म्हणजे भोपाळातली बड्या साहेबांची वस्ती; तिथल्या एका साहेबांच्या मुलाचं आमच्याकडच्या रजनीशी जमत होतं. मुलगा चांगला, मुलगी चांगली, दोघं एकमेकांकडे बघून लाजत होती. रत्नानं सतरा गुण म्हणून स्थळ परत पाठवलं. साहेबांनी गाडी पाठवली, मिठाई पाठवली. ही म्हणाली, "सतरा म्हणजे सतरा."

मी एकदा न राहवून म्हटलं, "अगं, तुझ्यावर जे बेतलं ते दुसऱ्यांच्या पोरींवर कशाला?" तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी चहाचा कप खाली ठेवला. तेव्हा मला कळलं. गुणांत काही अर्थ नाही असं ती म्हणाली असती, तर स्वतःचं आयुष्य कशापायी गेलं याचं उत्तर तिला द्यावं लागलं असतं. म्हणून ती गुणांना घट्ट धरून बसली होती. मला तिचा राग यायचा आणि तिच्यासाठी जीव तुटायचा, दोन्ही एकदम.

हे असंच चाललं असतं. पण हॉस्पिटलात डॉक्टर भालचंद्र मोघे मुख्य होऊन आले.

मोघे म्हणजे तोंडात साखर आणि रक्तातही साखर. रोज सकाळी पोटात इन्सुलिनची सुई टोचून घ्यायचे आणि ऑफिसात आल्यावर पोहे-जिलबी मागवायचे. त्यांच्या डोळ्यांत भरली ती कोपऱ्यातली खोली. तिथे त्यांना बड्या पाहुण्यांसाठी बैठक करायची होती, सोफा आणि काचेच्या पेटीत मासे. त्यांनी रत्नाला बोलावलं. "रत्नप्रभाताई, इंटरनेटचा जमाना आहे. मुख्यालयाची कमिटी येणार आहे. ग्रंथालयात काही नवीन होतंय असं त्यांना दिसलं तर ठीक. नाहीतर पुस्तकं गोडाउनात आणि तुम्ही कॅन्टीनच्या कूपन काउंटरवर."

रत्नानं मला फोन केला. "कमल, कुपनं फाडायला बसवतोय मला मेला!"

मला कुपनांची चिंता नव्हती. मला घोर लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. खोली गेली तर मनोहरराव सहज येणार कुठे? एकट्या बाईच्या क्वार्टरवर आमच्या टाउनशिपमध्ये पुरुषाला सहज जाता येत नाही, चार पडदे लगेच हलतात. आणि कूपन काउंटरपुढे कुणाला पेपर उघडून बसता येत नाही. त्या दोघांचं जे काही होतं ते त्या टेबलावर होतं. टेबल गेलं की तेही गेलं.

हे त्या काळातलं सांगते, जेव्हा भोपाळात गल्लोगल्ली बायोटेकची कॉलेजं निघत होती. हैदराबादला ग्रंथपालांसाठी आठवडाभराचं शिबिर आहे असं रत्नाच्या वाचनात आलं. जिवंत वस्तूंच्या जनुकांची माहिती जगभर मोठमोठ्या साठ्यांत ठेवलेली असते म्हणे; ती संगणकावर शोधायची कशी, ते शिकवणार होते. रत्नानं जीवशास्त्र शाळेतच सोडलं होतं, बेडूक बघून. तरी अर्ज केला. मोघ्यांनी ताबडतोब सही केली, कारण तिला ते जमणार नाही याची त्यांना खात्री होती.

परत आली ती जाड फाईल, नवी पिशवी आणि माझ्यासाठी मोत्याच्या कुड्या घेऊन. त्या कुड्यांसाठी ती शेवटच्या दिवशीचा शेवटचा तास बुडवून चारमिनारला गेली होती. हे लक्षात ठेवा. पुढे जे रामायण झालं त्याचं मूळ माझ्या कानांत लटकतंय.

ठरलं असं की रत्नानं आसपासच्या ग्रंथपालांना शिकवायचं आणि कमिटीसमोर आम्ही शोधून दाखवायचं. विद्यार्थी तीन. एक मी. दुसरी अलका, कारखान्याच्या टेक्निकल ग्रंथालयातली, वयानं लहान आणि अर्धी हिंदीत बोलणारी. तिसरे नीळकंठ बोकील, कोलार रोडवरच्या एका कॉलेजचे ग्रंथपाल. त्या कॉलेजात वर बायोटेक होतं आणि खाली टाइल्सचं दुकान.

पहिल्या दिवशी रत्नानं छडीसारखी पट्टी हातात धरली. "प्रत्येक जिवात एक लांबलचक मजकूर असतो. चारच अक्षरांत लिहिलेला. ए, टी, जी, सी. कुणी त्यातला तुकडा घेऊन आला, की तो जगातल्या कुठल्या मजकुराशी जुळतो ते आपण शोधून द्यायचं."

बोकिलांनी हात वर केला. "चारच अक्षरं? मग बाकीची पुस्तकं कुठल्या कपाटात लावायची?"

"पुस्तकं नाहीत हो नीळकंठराव."

"पुस्तकं नाहीत तर आपलं काय काम?"

अलका म्हणाली, "मॅडम, सच्ची सांगू? माझ्या तर सगळं ऊपर से गेलं." पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. रत्नानं टेबलावर पट्टी आपटली, आणि आवाज झाला म्हणून स्वतःलाच 'श्श' केलं. दुसऱ्या टोकाला मनोहररावांनी पेपर थोडा वर धरला. ते हसत होते की नाही ते दिसलं नाही.

मग रत्नानं डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "बरं. मुलीची पत्रिका आपल्याकडे आली तर आपण काय करतो?"

आम्ही तिघंही ताठ बसलो. हे येत होतं!

खरं सांगते, घटकाभरात सगळं डोक्यात शिरलं. आलेला तुकडा म्हणजे मुलीची पत्रिका. जगभरचा साठा म्हणजे यच्चयावत मुलांच्या पत्रिका. संगणक म्हणजे गुरुजी, फक्त दक्षिणा मागत नाही. समोर येतात ती स्थळं. जुळवताना मध्ये रिकामी जागा सोडावी लागली तर? "मुलगा दोन वर्षं नोकरीविना घरी बसला होता, ते आपण काढत बसतो का? तेवढं सोडून पुढे बघतो. तसंच हे." आणि मजकुरात एखादं अक्षर तेच तेच येत राहिलं तर तेवढा भाग संगणक झाकून टाकतो, तो का? "कारण सुस्वभावी, निर्व्यसनी आणि गृहकृत्यदक्ष हे सगळ्यांच्याच माहितीत लिहिलेलं असतं. तेवढं जुळलं म्हणून काय कळलं?"

"वा!" बोकील म्हणाले. मीही मनातल्या मनात म्हटलं, वा गं माझ्या बाई.

आता खरी मेख ऐका. स्थळांची यादी आली की नावांच्या उजवीकडे आकड्यांचे दोन रकाने असायचे. आमच्या मंडळाच्या तक्त्यात वर्ण, वश्य, तारा, योनी असं करत करत शेवटच्या रकान्यात बेरीज येते. रत्ना म्हणाली, "मधलं सोडा. शेवटचा रकाना बघा, गुण तिथे असतात." कुणी शंका घेतली नाही. कशी घेणार? जन्मभर आम्ही शेवटचाच रकाना बघत आलो होतो. त्या रकान्याचा अर्थ हैदराबादला सांगितला होता शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला, आणि तेव्हा आमची गुरू चारमिनारसमोर कुड्यांवरून घासाघीस करत होती.

अलकानं वाचलं, "पहिल्या नावापुढे झीरो आहे. दुसऱ्यापुढेही झीरो. ये क्या?"

"शून्य गुण?" मी म्हटलं. "मग यादीत सगळ्यांच्या वर कसं आलं ते स्थळ?"

"वशिला," बोकील म्हणाले. "चार इमलीतलं असणार."

रत्नानं शून्यवाल्यांवर पट्टीनं हवेतच फुली मारली आणि यादी खाली सरकवत नेली. अगदी तळाला एकदाचे आठ, नऊ असे आकडे दिसले. "छत्तीसपैकी नऊ म्हणजे कमीच," ती म्हणाली, "पण विज्ञानात मार्किंग कडक असतं."

मग सराव सुरू झाला. अलका फाईलमधली अक्षरं मोठ्यानं वाचायची, क्लबात हाऊसीचे आकडे पुकारतात त्या चालीवर, आणि बोकील एका बोटानं टाइप करायचे. अधूनमधून चुकून "हाऊसी!" ओरडायचे आणि रत्नाची 'श्श' खायचे. उत्तरं मात्र चमत्कारिक यायची. खोकल्याच्या जंतूचं उत्तर मासा आलं. माणसाच्या रक्ताचं मका आलं. आम्हाला काही वाटलं नाही. विज्ञान आहे, चमत्कारिक असायचंच, असं आम्ही एकमेकांना सांगितलं आणि समोसे खाल्ले. समोसे मनोहरराव आणायचे. "सहज घेतले," म्हणायचे. हो, आणि नेमके पाच, रत्नाचा वेगळ्या पुडीत, बिनामिरचीचा!

एका संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला गाठलं. चपला हातातच होत्या. "कमलिनीताई, जमेल ना हिला?"

हिला म्हणाले. बाईंना नाही, हिला. मी म्हटलं, "न जमायला काय झालं? न जमलं तर तुम्ही काय करणार आहात?" त्यांनी चपला पायात घातल्या, उलट्या, आणि तशाच घालून उतरून गेले. डोकं आपटून घ्यावं असं वाटलं मला.

कमिटी सकाळी यायची ती दुपार उलटून आली. दोन सफारीवाले साहेब आणि त्यांच्या प्रमुख डॉक्टर सुचेता, मूळच्या पुण्याच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मोघ्यांनी खालीच त्यांना कचोऱ्या खिलवल्या होत्या. वर यायच्या आधी त्यांनी आणखी एक तयारी करून ठेवली होती; सोफेवाला कारागीर मेजरिंग टेप घेऊन बाहेर पॅसेजमध्ये उभाच होता. माझं तर रक्त उकळलं. अहो, माणूस गेल्याशिवाय कुणी सामान मोजतं का?

रत्ना मोरपंखी साडीत उभी राहिली. सुचेताबाईंनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. "यात एक तुकडा आहे. कुणाचा, ते सांगा बघू."

बोकिलांनी तुकडा संगणकात टाकला. यादी यायला वेळ लागत होता. तेवढ्यात संध्याकाळचा भोंगा झाला, आणि थोड्या वेळानं नेहमीप्रमाणे मनोहरराव दारात आले. गर्दी बघून बिचकले, पण चपला काढल्या आणि भिंतीच्या कडेकडेनं जाऊन आपल्या खुर्चीत बसले. पेपर उघडला. उलटा. मी बघितलं, कुणाला बोलले नाही.

यादी आली. अलकानं शेवटचा रकाना वाचला. "मॅडम, वरचे सब झीरोवाले आहेत."

"सोडा," रत्ना रुबाबात म्हणाली. "खाली चला. आणखी खाली. हं, थांबा. साडेनऊ!" ती कमिटीकडे वळली. अशी चमक तिच्या चेहऱ्यावर मी दाखवण्याच्या कार्यक्रमानंतर पहिल्यांदाच बघत होते. "सापडलं. तांदूळ."

"तांदूळ?" सुचेताबाई म्हणाल्या.

"तांदूळ. बासमती की कोलम, ते सांगायला जरा वेळ लागेल."

सुचेताबाईंनी चष्मा काढून पुसला. "आणि सगळ्यात वरच्या ओळीत काय लिहिलंय?"

बोकिलांनी यादी वर नेली. "माणसाचं इन्सुलिन. पण मॅडम, त्याला शून्य गुण आहेत. असलं स्थळ आम्ही बघतसुद्धा नाही."

मोघ्यांचा हात आपोआप पोटावर गेला, सकाळी सुई टोचली होती तिथे. "म्हणजे," ते घाबरून म्हणाले, "मी रोज सकाळी भात टोचून घेतोय?"

झालं! सुचेताबाईंना हसू फुटलं ते आवरेना. उचकी लागली. एका सफारीवाल्यानं पाणी दिलं. मला मात्र हसू आलं नाही, कारण रत्ना खांबासारखी उभी होती. सुचेताबाई भानावर आल्या, तिच्याजवळ गेल्या आणि अगदी नीट, हळू आवाजात समजावू लागल्या.

"ताई, तुमचे गुण मधल्या रकान्यात आहेत. शेवटचा आकडा वेगळाच आहे. असं जुळलेलं निव्वळ योगायोगानं किती सापडेल, ते तो सांगतो. साडेनऊ म्हणजे असली साडेनऊ स्थळं सहज, उगीचच सापडतील. त्यात काही अर्थ नाही."

"आणि शून्य?" रत्नानं विचारलं.

"शून्य म्हणजे योगायोग नाहीच. ही एकमेकांचीच आहेत."

रत्ना पडद्यावरच्या त्या शून्याकडे बघत राहिली. मोघ्यांना अंगातला भात उतरल्यासारखं झालं असावं, ते खुशीत आले. "चला तर मग. माणसानं प्रयत्न केला, हे महत्त्वाचं." त्यांनी हात केला आणि सोफेवाला टेप घेऊन आत आला. भिंतीपासून मोजत मोजत तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचला. "बाबूजी, ज़रा उठेंगे?"

मनोहरराव उठले. एवढ्या वर्षांत त्या खुर्चीतून त्यांना कुणी उठवलं नव्हतं. सुचेताबाईंनी सौजन्यानं विचारलं, "आपणही ग्रंथपाल का?"

"नाही, मी स्टोअर्सचा," मनोहरराव म्हणाले. पेपराची घडी घालायचा प्रयत्न करत होते, ती काही जमेना. "मी आपला सहज आलो होतो. निघतो."

"सहज?"

हे रत्ना म्हणाली. ओरडलीच म्हणा ना. त्या खोलीत आजवर इतका मोठा आवाज कुणी काढला नव्हता. सोफेवाल्याच्या हातून टेप सुटून सर्रकन आत गेला.

"अहो मनोहरराव, पेपर तुमच्या घरी येतो. हाच येतो. आपला पेपरवाला एकच आहे, मला काय ठाऊक नाही? नट-बोल्टवाल्या माणसाचं या डॉक्टरी पुस्तकांत काय काम? केस काळे होते तेव्हापासून येताय. कारखान्याचा संप होता तेव्हा आलात, ताप होता तेव्हा आलात, तुमची आई गेली तेव्हा दिवस झाल्या झाल्या आलात. उद्यापासून ही खोली नाही. तेव्हा आत्ताच सांगा. यातलं सहज किती? आकडा सांगा!"

मनोहररावांनी आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग सोफेवाल्याकडे, मोघ्यांकडे, सुचेताबाईंकडे. मी मनात म्हणत होते, बोला हो, एवढं एकदा बोला, नाहीतर मीच बोलेन.

"शून्य," ते म्हणाले.

अलका माझ्या कानात कुजबुजली, "पर गुण तर पाचच होते ना?" मी तिला कोपरानं ढोसलं. "चुलीत घाल ते पाच!"

रत्ना खुर्चीत बसली. बोकिलांनी टाळ्या वाजवल्या, सोफेवाल्यानंही वाजवल्या, वॉर्डातल्या नर्स दारात गोळा झाल्या, नुसता कल्ला झाला, आणि आमच्या बाईनं कुणालाही 'श्श' केलं नाही. मी रडले, स्पष्ट सांगते. कुड्या हलेपर्यंत रडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा; पण या दोघांनी वळसा असा घातला की गाव संपायची वेळ आली.

खोली गेली ती गेलीच. तिथे आता सोफा आहे आणि काचेच्या पेटीत एक मासा आहे, बाकीचे मेले. रत्नानं निवृत्त होईपर्यंत कूपन काउंटर सांभाळला. तिथल्या रांगेला ती 'श्श' करायची आणि कॅन्टीनमध्ये ताटं ठेवल्याचाही आवाज येत नसे. लग्न मात्र त्याच महिन्यात झालं, मंडळाच्या हॉलमध्ये. पत्रिका कुणी काढली नाही. मंगलाष्टकं मी म्हटली, बेसूर, आणि कुणी नावं ठेवली तर बघून घेईन. लग्नाआधी रत्नानं एकच काम केलं. चार इमलीला स्वतः फोन लावला आणि विचारलं, "तुमच्या मुलाचं कुठे ठरलं नाही ना अजून? नाही? मग सतरा चालतील."

ग्रंथालयाचं टेबल कंडम ठरवून लिलावात काढलं. लिलाव स्टोअर्सचा, त्यामुळे मनोहररावांना खबर आधी लागली. ते टेबल आता टाउनशिपबाहेर अवधपुरीला त्यांच्या घरात आहे. दारातून जाईना म्हणून चौकट काढली होती. बसायच्या खोलीत दुसरं काही मावत नाही, पाहुण्यांना भिंतीला चिकटून चालावं लागतं.

परवा मी गेले. दार मनोहररावांनी उघडलं. टेबलाच्या एका टोकाला रत्ना, दुसऱ्या टोकाला त्यांची खुर्ची, आणि एकच पेपर, अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

"या या, कमलिनीताई. सहज आलात?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. जन्माची सवय ती. पण मी चपला काढल्या आणि म्हटलं, "नाही हो. हिची आठवण आली, म्हणून आले."

रत्नानं पेपरातून डोळे वर न काढता 'श्श' केलं, आणि पायानं तिसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली.